शिवरात्रीला पाणी, पाडव्याला दांडा

आमच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापासून आवळ्याच्या झाडापर्यंत, लाल लिलीच्या एकवीस कुंड्या ओळीनं ठेवलेल्या आहेत. दिवाळी झाल्यापासून त्यांतल्या एकाही कुंडीत मी पाण्याचा थेंब घातलेला नाही. पानं आधी पिवळी पडली, मग तपकिरी होऊन कुंडीच्या काठावर लोळली. परवा शेजारी नव्यानं राहायला आलेली सून भिंतीवरून डोकावली आणि काळजीनं म्हणाली, "काकू, गावाला गेला होतात का? सगळी झाडं वाळून गेली की हो. मला सांगायचं ना, मी घातलं असतं पाणी."

मी तिला चहाला बोलावलं आणि तासभर लिलीवर बोलत बसले. ती गेल्यावर वाटलं, हे लिहूनच काढावं. कारण तिच्या वयाची असताना मीही हीच चूक केली होती, आणि तीही चार वर्षं.

माझं माहेर वसईकडचं. तिथं लिली म्हणजे एकच, पांढरी, लांब पाकळ्यांची, जिला नर्सरीवाले स्पायडर लिली म्हणतात. मामांच्या वाडीत केळीच्या कडेनं तिचे ताटवे होते. ती शोभेला लावलेली नव्हती, विकायला लावलेली होती. फूल उमललं की त्याला बाजारात किंमत नाही, म्हणून कळीच खुडायची. संध्याकाळी उमलणारी कळी त्या दिवशी पहाटे कशी दिसते हे मामी अंधारात नुसत्या बोटांनी ओळखायची. पूर्ण लांब झालेली, टोकाशी किंचित फुगलेली, हिरवटपणा जाऊन दुधाळ झालेली. पन्नास कळ्या मोजून एक जुडी, केळीच्या सोपानं बांधायची, पाणी शिंपडून टोपलीत रचायची आणि पहिल्या गाड्यांनी दादरला. मे महिन्याच्या सुटीत जुड्या मोजायचं काम आम्हा मुलींकडे असायचं. तिच्या चिकानं बोटांच्या बेचक्यात खाज सुटायची, मग खोबरेल तेल लावून बसायचं. राहिलेल्या, चुकलेल्या कळ्या संध्याकाळी ताटव्यात उमलायच्या आणि सगळी वाडी वासानं भरून जायची. तो वास मला अजून कुठल्याच दुसऱ्या फुलात सापडलेला नाही.

त्या लिलीला बारा महिने पान असतं आणि तिला बारा महिने पाणी लागतं. ओल आवडते, दलदल चालते, सावलीतही ती तग धरते, फक्त सावलीत कळ्या कमी धरते. म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की लिली म्हणजे पाणीपीक.

१९९४ साली लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा सासूबाईंच्या अंगणात ही लाल लिली होती. जाड दांडा, त्यावर तुतारीसारखी तीन-चार मोठी फुलं, पाकळीच्या मधोमध फिकट रेघ. सासूबाईंनी ती त्यांच्या माहेराहून, वाईहून, पदराच्या गाठीत बांधून आणलेली. कुंड्या मातीच्या, कडा फुटलेल्या. माझ्या उत्साहाला तेव्हा उधाण होतं. त्यांनी दोन कुंड्या माझ्या स्वाधीन केल्या आणि मी त्यांना माहेरच्या पद्धतीनं रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागले. पानं अशी आली की बघत राहावं. कंबरेइतकी लांब, गर्द, तकतकीत. पुढच्या चैत्रात सासूबाईंच्या कुंड्यांत सात दांडे आले आणि माझ्या दोन्ही कुंड्यांत एकही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

सासूबाई कुणाच्या कामात आपणहून बोलायच्या नाहीत. चौथ्या वर्षी मी स्वतःच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, तिला झोपू दे की. रात्रभर दिवा लावून ठेवला तर माणूस तरी सकाळी ताजंतवानं उठेल का?" आणि मग त्यांचं कॅलेंडर सांगितलं, जे मी आजही पाळते. दिवाळी झाली की पाणी बंद. शिवरात्रीला पाणी, पाडव्याला दांडा, हनुमान जयंतीला फूल.

हे किती नेमकं आहे ते मला पुढे वाचायला लागल्यावर कळलं. नर्सरीत हिला अमरिलिस म्हणतात, पण खरी अमरिलिस दक्षिण आफ्रिकेतली, आणि आपली ही लाल लिली मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचं शास्त्रीय नाव हिप्पीॲस्ट्रम. नावाचा हा घोळ वनस्पतिशास्त्रज्ञांतही फार वर्षं चालला आणि १९८७ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो एकदाचा मिटला. ब्राझील, पेरू, बोलिव्हियाच्या ज्या भागांत हिच्या जाती रानात वाढतात, तिथल्या पुष्कळ ठिकाणी काही महिने पाऊस आणि काही महिने कोरडं, असं ऋतुमान आहे. कोरड्या दिवसांत जगता यावं म्हणूनच तर तिनं कांदा धरला. पावसात पानांनी कमवायचं, कांद्यात साठवायचं आणि ऊन तापायला लागलं की त्या शिलकीवर फूल काढायचं. मी तिला कोरडे दिवस कधी दिलेच नव्हते. तिच्या मानानं चार वर्षं सलग श्रावणच चालू होता.

म्हणून माझ्याकडे आता असं चालतं. दसऱ्यापासून पाणी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, आणि दिवाळीनंतर बंद. खत तर गणपतीनंतरच थांबवते. कुंड्या वळचणीखाली हलवते, म्हणजे एखादा अवकाळी पाऊस आला तरी भिजत नाहीत. पिवळं पान ओढून काढत नाही. त्यात जे काही उरलंय ते खाली कांद्यात उतरत असतं, पूर्ण वाळलं की ते बोट लावताच सुटून येतं. पानं वेणीसारखी गुंफून गाठ मारायची काही जणींना सवय असते, नीटनेटकं दिसतं म्हणून. ते करू नये. हिरवं पान हे तिचं स्वयंपाकघर आहे, आणि फूल गेल्यावर पुढचे पाच-सहा महिने तिथं चूल पेटती राहिली तरच पुढच्या वर्षी फूल.

महाशिवरात्रीच्या आदल्या रविवारी कुंडीतली वरची तीन-चार बोटं माती काढायची. तिथं जुनं, दोन वर्षं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर हाडांचा चुरा मिसळलेली तांबडी माती भरायची. कांद्याची मान आणि वरचा तिसरा हिस्सा मातीच्या बाहेर राहिला पाहिजे. नवीन लावणाऱ्या सगळ्यांचा हात इथंच चुकतो, कांदा पुरून टाकतात. मग पहिलं पाणी एकदाच, भरपूर, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. त्यानंतर टोक हलेपर्यंत आठवड्याला एकदा, तेही जपून. दांडा पानाच्या आधी डोकं काढतो. पान चपटं येतं आणि दांड्याचं टोक भाल्याच्या पात्यासारखं, जाडसर. पहिल्या आठवड्यात मात्र दोन्ही सारखीच दिसतात आणि मी रोज सकाळी वाकून बघते. एकतीस वर्षं झाली, तरी बघते.

कुंडीचं माप हा एक वेगळाच विषय. कांद्याच्या भोवती दोन बोटं जागा राहील एवढीच कुंडी घ्यावी. मोठ्या कुंडीत माती जास्त, ओल जास्त, आणि कांदा पिल्लं घालत बसतो. आठ इंची मातीची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, मातीत चौथा हिस्सा जाड वाळू. दर तीन वर्षांनी काढून पिल्लं वेगळी करायची. मूळ तुटू द्यायचं नाही, ही मुळं मांसल असतात आणि बरेच महिने जगतात, दरवर्षी नव्यानं येतात असं नाही.

आता २०१९ चं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

त्या उन्हाळ्यात मी मातीच्या कुंड्या काढून सगळ्या लिली प्लॅस्टिकच्या कुंड्यांत लावल्या. हलक्या, एकसारख्या, खाली बश्या, अंगण ओलं व्हायला नको म्हणून. आणि गोठ्यातलं ताजं शेणखत घातलं, कारण जुनं संपलं होतं आणि मला घाई होती. जुलैपर्यंत सगळं ठीक होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसानं जी झड धरली, ती सगळ्यांना आठवत असेल. खाली सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेच दिवस. साताऱ्यात आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण दहा-बारा दिवस आभाळ फाटल्यासारखं पडत होतं. माझा भाऊजय-नणंदांचा गोतावळा सांगलीत अडकला होता, फोन लागत नव्हते, अंगणात कोण बघणार. पाऊस उघडल्यावर गेले तेव्हा बश्या भरून वाहत होत्या. पानं वरून हिरवीच होती. एका पानाला हात लावला आणि ते बुडापासून सुटून हातात आलं, आणि त्याबरोबर वास आला. सडक्या कांद्याचा वास ज्यानं कांदाचाळीत घेतला आहे त्याला सांगायला नको.

सोळा कांद्यांपैकी अकरा गेले. त्यातले सहा वाईहून आलेल्या मूळ कांद्यांचे.

एक कांदा बाहेरून मऊ होता, पण आतून घट्ट लागत होता. वाचतोय का बघू म्हणून मी तो सुरीनं उभा चिरला. बाहेरचे चार-पाच पदर तपकिरी, बुळबुळीत, आतले पांढरेशुभ्र. आणि त्या पांढऱ्या पदरांच्या मधे, मध्यापासून थोडी बाजूला, नखाएवढी एक कळी होती. फिकट पिवळसर, दोन पातळ पापुद्र्यांत मिटलेली. भिंगातून पाहिलं तर आत फुलांचे तीन ठिपके वेगळे दिसत होते. तिच्या आतल्या अंगाला, आणखी चार पदर सोडून, मोहरीएवढी दुसरी. पुढच्या चैत्राचं फूल ऑगस्टमधे तयार होतं, आणि त्याच्यानंतरच्या फुलाचीही सुरुवात झालेली होती.

मी तो कांदा ताटलीत ठेवून सासूबाईंना दाखवायला नेला. त्या तेव्हा पंच्याऐंशीच्या. खाटेवर बसून त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं लावली, पोटातलं कधी बघितलं नव्हतं." मला रागावल्या नाहीत. मीच रडले.

त्या कळीचा अर्थ मग शोधून वाचला. साधारण चार पानं झाली की कांद्यात एक फुलाचा दांडा आकार घेतो, आणि तो बाहेर यायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागतो. म्हणजे यंदा फूल आलं नाही तर चूक यंदाची नसते, गेल्या पावसाळ्यातली असते. तेव्हापासून मी पानं मोजते. पावसाळ्याच्या शेवटी कुंडीत चारच्या वर पानं धड असली तर पुढच्या फुलाची मला खात्री असते. दोनच असली तर त्या कुंडीकडून मी काही मागत नाही.

वाचलेले पाच कांदे मी मातीतून काढले, सडलेला भाग स्वच्छ सुरीनं कापला, राखेत घोळवले आणि माळ्यावर टोपलीत पसरून आठवडाभर वाळवले. इथं एक सांगायला हवं, कारण आमच्याकडे थोडक्यात निभावलं. त्याच माळ्यावर खायचे कांदेही होते, आणि आमच्या ह्यांनी पोह्यांसाठी कांदा म्हणून लिलीचाच कांदा उचलून आणला. सोलताना वास येईना म्हणून त्यांनी मला विचारलं. लिलीचा कांदा विषारी असतो, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. तेव्हापासून लिलीचे कांदे स्वयंपाकघराच्या वाटेवरही येत नाहीत, आणि वाळवताना टोपलीला लाल चिंधी बांधलेली असते. ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी तर हे विसरूच नये.

प्लॅस्टिकच्या कुंड्या मी देऊन टाकल्या. बश्यासुद्धा.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे अळी. काळी, अंगावर पांढरे डाग आणि केशरी-लाल ठिपके, दिसायला एखाद्या नक्षीच्या मण्यासारखी. जुलै-ऑगस्टात एका रात्रीत येते असं वाटतं, पण येते आधीच. पानाच्या मागच्या अंगाला अंड्यांचा बारीक पुंजका असतो, तो दिसत नाही. पिल्लं आधी घोळक्यानं पान खरवडतात, तिथं पान कागदासारखं पांढुरकं, पारदर्शक होतं. ते ओळखता आलं तर अर्धी लढाई जिंकली. मोठी झाली की पानाचं काही ठेवत नाही, आणि पान संपलं की मानेतून कांद्यात शिरते. रात्री जेवणं झाली की मी बॅटरी आणि साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन बसते आणि एकेक उचलून टाकते. चिमट्यानं उचलायची. हात लावला की गुंडाळी करून खाली पडते आणि मग मातीत शोधावी लागते, म्हणून डबा आधी खाली धरायचा. फार झाल्या तर निंबोळी तेल, पाच मिली एक लिटर पाण्यात, चमचाभर साबणपाणी घालून, संध्याकाळी. एवढ्यानं भागतं. कोशात जायला ती मातीत उतरते, म्हणून माती वरवर उकरून ठेवते.

तिचा पतंग मी एकदाच जवळून पाहिला, देवघराच्या खिडकीवर. जांभळट काळे पंख, त्यावर पिवळे, गुलाबी, केशरी ठिपके, एखाद्या इरकली काठासारखे. त्याला मी मारलं नाही. खिडकी उघडून रस्त्याच्या बाजूला सोडलं.

हीच अळी कळलावीवरही येते. आमच्या मागच्या कुंपणावर कळलावीचा वेल दर पावसात आपोआप उगवतो, मी लावलेला नाही. पानाच्या टोकाची तार करून तो चढतो, आणि भाद्रपदात फुलं अशी पेटतात की कुंपण जळतंय असं वाटावं, खाली पिवळी आणि वर लाल. कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात, तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे. कंद अतिशय विषारी, त्यामुळे मी तिला खत-पाणी करत नाही, खणतही नाही, ती तिची तिची राहते. अळ्या पुष्कळदा आधी तिच्यावर दिसतात आणि दोन-चार दिवसांनी माझ्या कुंड्यांवर. मला ती आगाऊ वर्दी देते.

बाकीच्या लिलींबद्दल थोडक्यात. फुटबॉल लिली, जिला मे फ्लॉवरही म्हणतात, ती आफ्रिकेची. वर्षातले सहा महिने कुंडीत काहीही दिसत नाही आणि मे महिन्यात वळवाचा वास आला की लाल चेंडू वर येतो. ती झोपलेली असताना कुंडी रिकामी समजून कुणी तरी त्यात मिरची लावतं, आमच्याकडे दोनदा लावली गेली. कुंडीवर नाव लिहा, एवढंच. रेन लिलीला काहीच लागत नाही. पसरट कुंडीत दाटीनं, दोन बोटं खोल लावायची, कोरडी पडू द्यायची आणि पावसाची वाट बघायची. पाऊस पडून चार-पाच दिवस झाले की गुलाबी फुलं एकदम येतात. नळाच्या पाण्यानंही येतात, पण पावसानंतर येतात तशी नाहीत, असं माझं मत आहे. माहेरची पांढरी स्पायडर लिली मी मोरीच्या पाण्यावर, भिंतीकडेला लावली आहे, आणि ती तिथं सुखात आहे.

दुकानात जी लिली म्हणून गुच्छात मिळते, गुलाबी-पांढरी, मोठी, घमघमणारी, ती खरी लिली, लिलियम. कांदा बघितला की लगेच कळतं. तिच्या कांद्याला वर कागदी साल नसते, लसणीच्या पाकळ्यांसारखे नुसते खवले. ती थंड मुलुखाची. भारतात हिमालयात आहे, आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरात तिची एक रानटी जात आहे. जगात याच्या खाली दक्षिणेला खरी लिली कुठंच आपोआप उगवत नाही. बाजारात मिळणारे कांदे थंडीत ठेवून तयार केलेले असतात, म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांकडे फुलतात आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांकडे रुसतात. मी एका ऑनलाइन दुकानातून पाच कांदे मागवले होते. पिवळे म्हणून सांगितलेले, आले केशरी, पण आले सुरेख. दुसऱ्या वर्षी ओलसर कोकोपीटमधे घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सहा आठवडे ठेवले. शेजारी सफरचंदं होती. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्यानं आतली कळी मरते, हे मला नंतर कळलं. पानांचे पाच खुंट आले, फूल नाही. तिसऱ्या वर्षी फळं दुसऱ्या कप्प्यात ठेवली आणि पाचांतल्या तिघांनी फूल दिलं, एकेकच. एवढ्या खटाटोपात मला आनंद मिळाला, पण साताऱ्याच्या हवेला ती जड जाते आणि दरवर्षी फ्रिज अडवायची माझी तयारी नाही. मी ते कांदे महाबळेश्वरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला दिले.

पुण्याच्या भाचीनं मात्र मागितले तेव्हा मी नाही म्हटलं. तिच्याकडे मांजर आहे. लिलियमचं पान, पाकळी, नुसता अंगावर सांडलेला पराग चाटला तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि काही दिवसांतच खेळ संपतो. बाकीच्या लिलीही मांजराला चांगल्या नाहीतच. तिला मी जास्वंदीची दोन रोपं दिली. तुमच्या घरात मांजर असेल तर कृपा करून गुच्छातली लिलीसुद्धा घरात आणू नका.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

२०२० च्या एप्रिलमधे सगळं बंद होतं. अंगण आणि मी. सासूबाईंच्या वाचलेल्या पाच लाल लिलींपैकी दोन फुलल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात, आदल्या वर्षी नर्सरीतून आणलेली पांढरीही फुलली. माझ्या वाचनात आलं होतं की या लिलीचा पहिला संकर १७९९ साली इंग्लंडमधे आर्थर जॉन्सन नावाच्या एका घड्याळं बनवणाऱ्या माणसानं केला होता. घड्याळजी करू शकतो तर मलाही जमेल, असं वाटलं. लाल फूल उमलताच त्याचे सहाही पुंकेसर कात्रीनं काढले. मधल्या काडीचं टोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन फाकांत उघडतं आणि चिकट होतं. तेव्हा पांढऱ्या फुलाचा पराग रंगाच्या ब्रशनं त्यावर लावला. फूल गळलं आणि मागचा हिरवा गोळा फुगायला लागला. सव्वा महिन्यानं तो तीन बाजूंनी उकलला. आत काळ्या, कागदासारख्या पातळ चकत्या, पत्त्यांच्या जुडीसारख्या एकावर एक रचलेल्या. हीच बी. फार दिवस ठेवली तर मरते, म्हणून लगेच परातीत पाणी घेऊन त्यावर तरंगत सोडली. पंधरा-सोळा दिवसांत कडेनं पांढरं मूळ फुटलं.

सासूबाईंना परात नेऊन दाखवली. त्या म्हणाल्या, "हे तर कांद्याचं तरवच झालं." बरोबरच होतं, रोपं अगदी कांद्याच्या तरवासारखी, सुईएवढी. जून संपता संपता वाळू मिसळलेल्या मातीत लावली. चाळीसेक होती, पहिल्या पावसाळ्यात गोगलगायींनी खाऊन चौदा उरली. रोपांना पहिली दोन वर्षं झोपवायचं नाही, हिवाळ्यातही हलकं पाणी चालू ठेवायचं, म्हणजे कांदा लवकर भरतो. दिवाळीनंतर मी फक्त त्या चौदांना पाणी घालायचे आणि सासूबाई खाटेवरून विचारायच्या, "पोरांना पाणी पाजलंस का?"

२०२२ च्या कार्तिकात त्या गेल्या.

पहिली कळी २०२४ च्या पाडव्यानंतर आली, सातव्या कुंडीत. दांडा बारीक, दोनच फुलं. मला वाटलं होतं गुलाबी येईल, लाल आणि पांढऱ्याच्या मधलं काहीतरी. आलं ते लालच, पण पाकळीच्या मधली रेघ आईच्या रेघेपेक्षा दुप्पट रुंद आणि स्वच्छ पांढरी, घशाशी हिरवी झाक. त्या वर्षी एकूण चार फुलल्या, या वर्षी नऊ. नऊही वेगळ्या. एकीची तर कड दातेरी आहे, तशी ना लाल आईची होती ना पांढऱ्या बापाची.

पाच अजून फुललेल्या नाहीत. या पावसाळ्याच्या शेवटी पानं मोजली तेव्हा तिघींना सहा-सहा होती, एकीला पाच, एकीला तीन. आता सगळ्यांची वाळली आहेत. शिवरात्र १५ फेब्रुवारीला आहे.